चुरी सरांचा ऑफ सीझन

चुरी सरांचं नाव निघालं की मला अजून राग येतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहावं लागणार आहे, आणि ते मी नाइलाजाने लिहिलंय हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

तलासरीच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी मराठी. शाळेचं वेळापत्रक, परीक्षेची बैठकव्यवस्था आणि सहल ही कामं वर्षानुवर्षं माझ्याकडे होती, कारण मला याद्या करायची सवय आहे. शंभर-सव्वाशे मुलांची सहल मी आठ दिवसांत उभी करायची. गाडी, डबे, पालकांची संमतीपत्रं, उलटीच्या गोळ्या, सगळं. चुरी सरांना आपल्या बायकोला घेऊन मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात तीन रात्री राहायचं होतं. माणसं दोन, हॉटेल एक, डहाणूहून गाडीत बसलं की तीन तासांचा प्रवास. या कामाला आम्ही पाच वर्षं लावली.

सर उंच, किंचित वाकलेले. शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली, एक टोक केलेली आणि एक तिला पर्याय म्हणून. फळ्यावर खडू न उचलता पूर्ण गोल वर्तुळ काढायचे आणि काढून झाल्यावर मुलांकडे न बघता खिडकीबाहेर बघायचे. शाळेत आवाज कधी चढला नाही. घाईही कधी केली नाही, आणि माझी अडचण तीच होती.

कुठलीही वस्तू तिच्या मोसमात घेणारा माणूस स्वतःला फसवून घेतो, असं त्यांचं ठाम मत होतं. ते रेनकोट नोव्हेंबरात घ्यायचे, स्वेटर होळीनंतर, भिंतीवरचं कॅलेंडर फेब्रुवारीत. आकाशकंदील भाऊबीज उलटल्यावर, पुढच्या वर्षासाठी. चारोटीच्या बाजारात भाजीवाल्या टोपल्या आवरायला लागल्या की हे पोचायचे. केस अमावास्येला कापायचे. त्या दिवशी दुकानात कोणी फिरकत नाही, त्यामुळे न्हावी डोक्याला मालिश फुकट करतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.

स्कूटर तर त्यांनी पितृपक्षात घेतली. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणी रुमालसुद्धा विकत घेत नाही. शोरूमवाल्याने किंमत बरीच खाली आणली, हार घातला, पण नारळ फोडायला तो तयार होईना. सरांच्या आई तेव्हा होत्या. त्या दसरा येईपर्यंत स्कूटरकडे पाठ करून अंगणात बसायच्या. स्टाफरूममध्ये आमचे पीटीचे धोडी सर विचारायचे, "चुरी सर, तुमची वरातपण पितृपक्षातच निघालेली का?"

"नाही," सर शांतपणे म्हणायचे. "तेव्हा मला कळत नव्हतं."

कशाचाही भाव कानावर आला की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "थांबा. अजून उतरेल."

त्यांचं घर चिखल्याला, चिकूच्या वाडीत, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. वाडीच्या एका कडेला त्यांनी तीन खोल्या बांधल्या होत्या. गेटावर सरांच्या देखण्या अक्षरात पाटी होती, ‘राहण्याची व घरगुती जेवणाची सोय’. सुरत, वापी, मुंबईहून लोक शनिवार-रविवारी यायचे, आणि दिवाळीपासून जानेवारीपर्यंत तर अधल्यामधल्या वारीसुद्धा. पाटी तेवढी सरांची. चादरी, जेवण, अंघोळीचं पाणी, गादीवर सांडलेला चहा हे सगळं सुनंदावहिनींचं.

दोन हजार चौदाच्या डिसेंबरात सरांनी आम्हा सगळ्या स्टाफला घरी जेवायला बोलावलं. वहिनी वाढत होत्या. बसा म्हटलं तर बसेनात. कोणीतरी सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही कुठे जाता फिरायला?"

"आम्ही कुठे जाणार? लोकच इकडे येतात." भाताचं पातेलं त्यांनी कमरेवर टेकवलं. "मला एकदा पाहुणी म्हणून राहायचंय बघा. नातेवाइकाकडे नाही, तिथे पदर खोचून आत जावंच लागतं. पैसे देऊन. मुंबईत ते समुद्रासमोर मोठं हॉटेल आहे ना, तिथे. मी बेल वाजवायची आणि दुसऱ्याने धावत यायचं."

"मग इथे बेल नाही का?" धोडी सर म्हणाले.

"इथे ‘ओ काकी’ आहे. पहाटे पाचपासून."

सगळे हसले. सर हसले नाहीत. सोमवारी मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, खर्चाची यादी तुम्ही करा. दराचं मी बघतो."

चूक तिथेच झाली. दर मी त्यांच्यावर सोडायला नको होता.

यादी मी त्याच दिवशी केली. खोली, खोलीवरचा कर, जाण्यायेण्याचं तिकीट, टॅक्सी, तीन दिवसांचं खाणं, सामान उचलणाऱ्याला द्यायचे पैसे, वहिनींना एक बरी साडी, चाकांची बॅग. सरांच्या कागदावर यातली फक्त खोली होती. खाण्याच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे कशाला? घरून नेऊ. सुनंदा थेपले करेल."

"आणि बेल वाजवून थेपल्यांसाठी ताट मागवाल?"

त्यांनी खोडरबर काढलं. पण टॅक्सीच्या आकड्याशी ते बराच वेळ थांबले होते, हे मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला, मधल्या सुट्टीत, सर हॉटेलला फोन करून खोलीचा भाव विचारायचे. शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसून, डाव्या हातात वही धरून. फोन उचलणारी मुलगी काही महिन्यांत त्यांना आवाजावरून ओळखायला लागली. "तलासरीवाले सर ना?" असं ती म्हणाली हे त्यांनी मला फार अभिमानाने सांगितलं. मी विचारलं, मग बुकिंग केलं का. ते म्हणाले, अजून वर्ष पूर्ण झालेलं नाही, वर्षभराचे भाव समोर असल्याशिवाय निर्णय घेणं बरोबर नाही.

वर्ष झालं. सरांनी ड्रॉइंग पेपरचा एक मोठा ताव आणून माझ्या टेबलावर पसरला. बारा महिन्यांचे भाव त्यांनी डोंगरांसारखे रंगवले होते. डिसेंबर-जानेवारीचं शिखर तांबडं, मार्चपासून उतरत जाणारे पिवळे उतार, मे महिन्याच्या लग्नसराईची एक छोटी टेकडी, आणि जुलै ते सप्टेंबर हिरवीगार दरी. तळाला पंचांगातून उतरवून घेतलेले लग्नाचे मुहूर्त, बारीक ठिपक्यांनी.

"मुहूर्त नाही म्हणजे वरात नाही," ते म्हणाले. "वरात नाही म्हणजे खोल्या रिकाम्या. हॉटेलवाले हे सांगत नाहीत, पण भाव सांगतो."

कल्पना हुशारीची होती, ते मी कबूल करते. मुख्याध्यापकांना तर तो ताव विज्ञान प्रदर्शनात लावायचा होता. पण मला चित्र नको होतं.

"सर, तारीख कुठली?"

त्यांनी हिरव्या रंगावरून तळवा फिरवला. "इथेच कुठेतरी असणार."

दोन हजार सोळाच्या पितृपक्षात ती तारीख खरोखर सापडली. एका रात्रीचा भाव नऊ हजारांच्या आसपास आला होता. सरांच्या वडिलांची तिथी पंधरवड्याच्या सुरुवातीलाच येऊन गेली, त्यामुळे घरातून कोणाची ना नव्हती. पैसे बाजूला काढलेले होते. मी वेळापत्रक बदललं, सरांचे तास धोडी सरांना आणि मला वाटून घेतले. वहिनींनी बॅग भरली. नक्की करायला म्हणून सर पायऱ्यांवर गेले आणि दहा मिनिटांनी परत आले.

"ती मुलगी म्हणतेय, पुढच्या महिन्यात कदाचित स्कीम येईल. दोन रात्रींच्या पैशांत तीन."

"कदाचित?"

"थांबू या. अजून उतरेल."

पुढच्या महिन्यात नवरात्र, त्यामागून दिवाळी. स्कीम आली नाही, भाव मात्र आला, आणि तो डोंगरावर होता. मी दोन दिवस सरांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींना फोन केला, त्यांना काय वाटत असेल म्हणून.

"जाऊ दे हो," त्या म्हणाल्या. "भरलेली बॅग तशीच ठेवलीय. कपाटात तेवढी जागा झाली."

दोन हजार सतराच्या जुलैत मात्र मी हात धुऊन मागे लागले. सर फोनवर बोलत असताना मी पायऱ्यांवर त्यांच्या शेजारी बसून राहिले आणि खोली पक्की झाल्यावरच उठले. आता अडचण एकच होती, आणि ती आमच्या भागातल्या कोणालाही सांगावी लागत नाही. आमच्याकडची माणसं कामाला मुंबईला जातात आणि त्याच दिवशी परततात. राहायचंच झालं तर नातेवाइकाकडे, हॉलमध्ये गादी टाकून. मुंबईत सख्खा भाऊ असताना पैसे मोजून दुसरीकडे झोपणं म्हणजे भावाचं दार आपल्याला बंद आहे असं गावभर सांगणं. वहिनींचा भाऊ विलास बोरिवलीला राहत होता. म्हणून मी सरांना बजावलं होतं, की यातलं अक्षर बोरिवलीपर्यंत जाता कामा नये.

माझ्या यादीत टॅक्सी दादरहून होती. सरांना वाटलं, बोरिवलीलाच उतरून तिथून काही स्वस्त पडतंय का बघावं. आणि तो भाव विचारायला त्यांनी फोन कोणाला केला, तर विलासला.

"टॅक्सी?" विलास म्हणाला. "बोरिवलीहून तिकडे टॅक्सीने कशाला? कोण आजारी आहे? कुठल्या हॉस्पिटलात?"

सरांना खोटं बोलता येत नाही. तोही त्यांचा एक दोष.

गाडी बोरिवलीला लागली तेव्हा विलास फलाटावर उभा होता. त्याने वहिनींच्या हातातली बॅग घेतली आणि पुढे चालू लागला. सरांनी फलाटावरूनच हॉटेलला फोन करून खोली रद्द केली. ते दोघं विलासच्या हॉलमध्ये तीन रात्री राहिले. विलासच्या बायकोच्या मनगटाला पट्टी होती, त्यामुळे दोन्ही वेळच्या आठ माणसांच्या चपात्या वहिनींनी केल्या.

सोमवारी सर शाळेत आले ते बऱ्यापैकी समाधानी दिसत होते.

"बाई, हॉटेलवाल्यांनी रद्द करण्याचा एक पैसा कापला नाही."

मी म्हटलं, "सर, माझा तास आहे." तास नव्हता.

वहिनी नंतर भेटल्या तेव्हा मीच विषय काढायचं टाळत होते. त्याच म्हणाल्या, "हॉटेल छान होतं. फक्त चपात्या जास्त लागत होत्या."

इथे मी माझ्याबद्दलही सांगायला हवं, कारण पुढच्या वर्षीच्या चुकीत माझा वाटा आहे. दोन हजार अठराच्या सुरुवातीला सरांच्या मुलीचं, प्राचीचं लग्न झालं. आम्ही सगळे गेलो होतो. लग्नात जेवणाच्या रांगेत उभं असतानाच सरांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, यंदा अधिक महिना मे महिन्यात येतोय."

"मग?"

"अधिकात मुहूर्त नसतात. म्हणजे मे महिन्याची टेकडीच नाही. आणि आपल्याला सुट्टी. असा योग पुन्हा कधी यायचा."

मी घरी जाऊन कॅलेंडर बघितलं. खरंच होतं ते. शाळा बंद, म्हणजे रजा नको, तास वाटायला नकोत. विलासची या वेळी आधीच समजूत काढली होती. नवी यादी केली, दोनदा तपासली. मला तीत काहीही उणं दिसलं नाही.

अधिक महिना लागला आणि चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. अनारशांचं पीठ कुठे चांगलं मिळतं ते विचारत होत्या.

"अनारसे? आता कशाला?"

त्या मग म्हणाल्या, "बाई, जावयाचा पहिला अधिक आहे."

 अधिक महिन्यात मुलगी-जावयाला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे, चांदीचं काहीतरी द्यायचं, कपडे करायचे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याच आईने माझ्या नवऱ्याला चांदीचं निरांजन दिलं होतं. ज्या महिन्यात हॉटेलात वराती नसतात तोच महिना घराघरांत सासऱ्यांच्या खर्चाचा असतो. सरांनी पंचांगातला मुहूर्त पाहिला आणि जावई पाहिला नाही. मीही पाहिला नाही, दोनदा तपासूनसुद्धा.

जावई बोईसरला कारखान्यात होता. त्याला रजा मिळाली ती नेमकी आम्ही ठरवलेल्या तीन दिवसांतली. पण तारखांचा प्रश्न तसा उरलाच नव्हता. बाजूला काढलेले पैसे चांदीच्या ताटात, निरांजनात आणि कपड्यांत गेले.

मी चिखल्याला गेले तेव्हा सर ओट्यावर बसून, पाहुण्यांच्या ताटाभोवती काढायच्या रांगोळीचा नमुना कागदावर आखत होते.

"सर, पुढे काय?"

"पुढे पावसाळा आहे," ते म्हणाले. "चांदी घेताना बघितलं ना, दागिन्यांच्या दुकानात कोणी नव्हतं. घडणावळीत बरीच सूट मिळाली."

त्या दिवशी मी खरंच चिडले. म्हटलं, "तुम्हाला जायचंच नाहीये. तुम्हाला फक्त भाव बघायचा आहे."

सरांनी कंपास खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला आणि मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतले नाहीत.

"जायचंय हो, बाई," ते म्हणाले. "ती कधी काही मागत नाही. एकदाच मागितलंय. ते चुकीच्या भावाने दिलं तर तिला तिथे चैन पडणार नाही. रात्रभर हिशोब करत बसेल."

 मला वाटलं, बायकोला ते माझ्यापेक्षा जास्त ओळखत असतील.

दोन हजार एकोणीसच्या जूनअखेर सर निवृत्त झाले. आता रजेचा प्रश्न नव्हता. निवृत्तीचे पैसे हातात आले होते, म्हणजे खरं तर पैशांचाही नव्हता. ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यांचा फोन आला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"बाई, पाच वर्षांतला सगळ्यात खालचा भाव. आत्ता फोन ठेवला. याच्या खाली जाणार नाही."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही या. तुमच्यासमोर पक्कं करतो."

मी रविवारी गेले. पाऊस थांबून थांबून पडत होता. तिन्ही खोल्यांना कुलपं होती. गाद्या गुंडाळून, त्यांवर प्लास्टिक टाकून ओट्याच्या एका बाजूला रचल्या होत्या. वहिनी झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. सरांनी चहा केला, कप आणून दिले आणि फोन काढला.

"लावू?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"कशाला?" वहिनी म्हणाल्या.

सरांना वाटलं, ऐकू आलं नसेल. "हॉटेलला. पुढच्या आठवड्याचं. सगळ्यात खालचा भाव आहे."

"ते कळलं. पण आत्ता कशाला जायचं?" त्यांनी कुलपांकडे बोट केलं. "जूनपासून माणूस नाही इथे. मी साडेआठला उठते. दुपारी झोपते. चहा तुम्ही करता. मला इथेच कोणी हाक मारत नाही, तर तिकडे जाऊन हाक न मारण्याचे पैसे कशाला द्यायचे?"

 समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात पावसाळ्यात लोक नसतात, तसे समुद्रकाठच्या तीन खोल्यांतही नसतात, हे कळायला पंचांग लागत नाही. सरांनी ती हिरवी दरी याच ओट्यावर बसून रंगवली होती.

"मग कधी?" मी विचारलं.

"नाताळच्या आठवड्यात."

"तेव्हा आपल्या खोल्या भरलेल्या असतात," सर म्हणाले.

"म्हणूनच म्हणते."

"सुनंदा, डिसेंबरात भाव दुपटीच्या वर जातो."

"मग तीनच्या जागी दोन रात्री राहीन."

"आणि इथलं कोण बघणार?"

वहिनींनी झोपाळ्याला पायाने हलकासा झोका दिला. मी सरांकडे बघितलं. हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागलं.

त्यांनी सहजासहजी मान्य केलं असं समजू नका. सप्टेंबरात त्यांनी एप्रिलचा मधला भाव काढून आणला. ऑक्टोबरात दुसऱ्या हॉटेलचं पत्रक आणलं. नोव्हेंबरात खोल्या त्या आठवड्यात बंदच ठेवू, दोघं जाऊ, असं सुचवलं. वहिनी म्हणाल्या, दहा वर्षं येणारी माणसं आहेत, त्यांना नाही म्हणायचं नाही. आणि खोल्या बंद ठेवून जायचं तर ते पावसाळ्यातही जमलं असतं. शेवटी एका सकाळी सर डहाणूला बँकेत गेले आणि पूर्ण पैसे भरून आले. वहिनींसोबत प्राची जाणार होती. पावती त्यांनी मला दाखवली. आकड्यावर अंगठा ठेवून दाखवली.

नाताळच्या आठवड्यात त्या दोघी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिखल्याला गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. त्यानंतर लवकरच संस्थेने माझी बदली लांबच्या शाळेत केली, डहाणूचं घर सुटलं, आणि सरांची भेट पुन्हा झाली नाही. त्यामुळे मला आठवतात ते त्या सकाळचे सर.

गेटाबाहेर तीन गाड्या उभ्या होत्या. अंगणात दोरीवर टॉवेल वाळत होते, काही खाली पडले होते. सर घरामागे बंबाशी उकिडवे बसले होते. बंब पेटत नव्हता, धूर मात्र भरपूर होता. शर्टाला हळद लागली होती. खिशात एकच पेन्सिल होती.

"पोह्यांत कांदा घातला," ते मला बघून म्हणाले, जणू आमचं बोलणं अर्ध्यावर राहिलं होतं. "एक नंबरची मंडळी जैन आहेत. पुन्हा केले. मग तीन नंबरवाले म्हणाले, आम्हाला कांद्याचे चालतील. पण ते मी खाऊन टाकले होते."

"माणसं किती आहेत?"

"अकरा. एक बाळ."

"वहिनींचा फोन?"

"मी करायचा नाही असं सांगून गेलीय. ती करेन म्हणाली. केला नाही अजून." त्यांनी फुंकणी बाजूला ठेवली. "साखर कुठे ठेवते ते विचारायचं होतं. कालपासून चहात गूळ घालतोय. लोकांना आवडला."

"मी बघू का आत?"

"नको. तुम्ही यादी कराल."

मी लाकडाच्या ओंडक्यावर बसले. थोड्या वेळाने बंबाने पेट घेतला. सर त्याच्याकडे बघत होते.

"बाई, हे दर आठवड्याला असंच असतं?"

"मला काय विचारता? राहता तुम्ही इथे."

त्यांनी खरोखर आठवून बघितलं. "शनिवारी मी शाळेत असायचो," ते म्हणाले. "रविवारी चारोटीला जायचो."

  पाच वर्षांत त्यांना सुनवायचं म्हणून मी बरंच साठवून ठेवलं होतं, पण धुराने डोळे लाल झालेल्या माणसाला ते सांगण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. सरांचे हात काजळीने भरले होते, म्हणून मी तो उचलून त्यांच्यासमोर धरला.

"अहो, ऐकताय?" वहिनींचा आवाज जड होता.

"हां. बोल. काय झालं?"

"काही नाही. आत्ता उठले."

दहा वाजत आले होते. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे.

"साखर..." ते म्हणाले आणि थांबले.

"साखरेचं काय?"

"काही नाही. झोप तू."

"झोपले असते. पण प्राची म्हणतेय, नाश्ता साडेदहाला बंद होतो. त्यांचा नियम आहे म्हणे." त्या हसल्या. "खोली थंड आहे फार. खिडकी उघडतच नाही इथली. समुद्र दिसतो, आवाज येत नाही. बरं, ठेवते, तो माणूस आलाय गाडी ढकलत."

फोन बंद झाला.  मग दोन नंबरच्या खोलीतून कोणीतरी गुजरातीत पाण्याला किती वेळ आहे असं विचारलं. "लाव्यो, लाव्यो," म्हणत सर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत.

दोन बादल्या काढून त्यांनी उचलल्या आणि अंगण ओलांडायला लागले. पाणी पायांवर हिंदकळत होतं. मी गेटाशी आले, रिक्षाला हात केला आणि मागे बघितलं. सर दोन नंबरच्या दाराशी पोचले होते. बादल्या खाली ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं. दोन्ही हात अडकलेले, म्हणून ते कोपराने दार वाजवत होते. अगदी हळू, शेजारच्या खोलीत कोणी झोपलेलं असेल तर त्याला जाग येऊ नये अशा बेताने.